प्रबंधाबाहेरचं

दातारबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी विश्रांतवाडीच्या आमच्या कॉलेजात परीक्षेच्या वर्गावर होते. वर्गात मोबाइल काढायचा नसतो, पण घड्याळ घरी विसरले होते म्हणून वेळ बघायला काढला आणि त्यांच्या भाच्याचा, नितीनचा मेसेज दिसला. ‘आत्या आज पहाटे गेली. झोपेतच. त्रास झाला नाही. तुम्हाला कळवणं भाग होतं.’ तो वाचून मी फोन पर्समध्ये टाकला, तिसऱ्या बाकावरच्या मुलाला ‘मान सरळ’ म्हणाले, पुरवण्या वाटल्या, वेळ संपल्यावर पेपर गोळा करून सही केली. मग स्टाफरूममध्ये येऊन बसले. रडू आलं नाही, राग आला. नेमका कुणाचा, ते सांगता येत नव्हतं… मी पुन्हा उघडलेला मेसेज बघून शेजारच्या मॅडमनी विचारलं, ‘कोण गेलं?’ तर पटकन तोंडात आलं, ‘माझ्या टायपिस्ट.’ त्यांनी ‘अरेरे’ म्हटलं आणि डबा उघडला. त्यांची काही चूक नव्हती. टायपिस्ट गेली म्हणून कुणी सुतक पाळत नाही.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. बाईंचं नाव तुम्ही ऐकलं असण्याचा संभव नाही. ते कुठल्या पुस्तकावर छापलेलं नाही, आणि ज्यांचे प्रबंध त्यांनी टाइप केले त्यांतल्या पुष्कळांनी ऋणनिर्देशात गाइडच्या कुत्र्याचेही आभार मानले असतील, पण बाईंचं नाव राहून गेलं. बिबवेवाडीत तळमजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत संसार, म्हणजे एक पलंग, एक कपाट आणि गॅस. बाहेरच्या खोलीत संगणक, प्रिंटर आणि विद्यार्थ्यासाठी प्लास्टिकची एक खुर्ची. लग्न केलेलं नाही. मूळचं घर सदाशिव पेठेतलं, पण तिथलं आता त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं, जिभेखेरीज. मॅट्रिकनंतर टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकल्या, तीस वर्षं एका वकिलाकडे मशीनवर काम केलं, मग संगणक आला तोही शिकल्या. बोटं मात्र लोखंडी मशीनचीच राहिली. कीबोर्डवर अशा तुटून पडायच्या की तो वर्षभरात राम म्हणायचा. ‘कीबोर्ड आणि झाडू दिवाळीला नवा घ्यायचा,’ असं त्यांचं गणित होतं.

मी पहिल्यांदा गेले ती प्रबंधाचं पहिलं प्रकरण एका वहीत लिहून घेऊन. माझा विषय हडपसरच्या बाजूचे आठवडे बाजार आणि तिथे भाजी विकणाऱ्या बायका. माझ्याकडे लॅपटॉप नव्हता, वही होती. बाईंनी वही उघडली, चष्मा वर केला, खाली केला.

‘हे तुम्ही लिहिलंय?’

‘हो.’

‘मग तुम्हीच वाचा. मी का शिक्षा भोगू?’

अशी आमची पद्धत ठरली. नंतर कळलं की ती सगळ्यांचीच होती. मी खुर्चीत बसून वाचायचं, ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’, ‘नवा परिच्छेद’ म्हणायचं, आणि बाई खिडकीतून पार्किंगमधल्या स्कूटर बघत टाइप करायच्या. पडद्याकडे बघायच्याच नाहीत. हात थांबला की एकच शब्द यायचा, ‘पुढे?’ त्यांचा वेग असा होता की वाचताना मलाच धाप लागायची. एकदा मी उत्साहानं विचारलं, ‘बाई, हा बाजाराचा मुद्दा पटतो का हो तुम्हाला?’ तेव्हा म्हणाल्या, ‘कुठला मुद्दा? हे बघ, मी ऐकत नाही. कानावर पडतं ते टाइप करते. ऐकायला लागलं की डोकं मध्ये येतं, आणि डोकं आलं की स्पीड मेला.’ ही फुशारकी नव्हती. जलसंधारणावर प्रबंध करणारा एक मुलगा सांगता सांगता ‘बाई, जरा पंखा वाढवता का’ म्हणाला, ते वाक्य तसंच त्याच्या प्रकरणात जाऊन बसलं. बाईंनी एका हातानं पंखा वाढवला होता, आणि दुसऱ्यानं तेच टाइप केलं होतं. परीक्षकांनीही त्यावर आक्षेप घेतला नाही, यावरून प्रबंध किती वाचले जातात ते समजा. बाई हा किस्सा कौतुकानं सांगायच्या. ‘तो म्हणाला, मी टाइप केलं. चूक कुणाची?’ टाइप झालेलं त्या पुन्हा वाचायच्या नाहीत आणि आम्हाला वाचू द्यायच्या नाहीत. ‘विद्यार्थी मध्ये आला की दुरुस्त्या वाढतात,’ म्हणून प्रकरण पुरं झालं की त्या ते थेट गाइडला मेल करायच्या.

मग ते साल आलं. वसतिगृह रिकामं करायला सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. मी हडपसरला कॉट बेसिसवर एका खोलीत आले. खोलीत तीन कॉट होत्या. दोघी मुली पहिल्या आठवड्यातच गावी निघून गेल्या, त्यांच्या गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. मी गेले नाही, कारण गावाला, करमाळ्याला, आमच्या घरी दोन खोल्या आणि पाच माणसं; तिथे जाऊन प्रबंध लिहिणं म्हणजे लग्नाच्या मांडवात झोपण्यासारखं. एका ज्युनियर कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. तास बंद झाले तसे पैसे बंद झाले. त्यात कुणाचा दोष नव्हता, तत्त्वच तसं होतं. फेलोशिपचं पत्र येऊन बरेच महिने झाले होते, फेलोशिप यायची होती. सकाळी एकदाच खिचडी लावायची, ती दोन वेळा खायची. दूध बंद केलं, इंटरनेट बंद करता येत नव्हतं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे ‘काळजी घ्या’चे हात जोडलेले फोटो टाकत होते, आणि कुणीच कुणाला सांगत नव्हतं की आपण काय खातोय. मीही नाही. गरिबीची आम्हाला सवय होती. पण पुण्यात आल्यावर ती झाकायची कला आम्ही शिकलो होतो, आणि दार बंद झाल्यावर ती कला आमच्याच अंगावर आली. भूक सोसता येते हो… दिवसभरात आपल्या तोंडून एकही शब्द निघाला नाही हे संध्याकाळी लक्षात येतं, ते सोसत नाही.

माझ्या तोंडून शब्द निघायचा तो अकरा ते बारा. बाईंनी फोन करून बजावलं होतं, ‘व्हायरस आला म्हणून प्रकरण तिसरं थांबणार नाही. वही समोर घे. मी कानात ती इअरफोनची बोंडं घालून बसते, तू सांग.’ पैशांचं विचारलं तर म्हणाल्या, ‘तू पळून जाऊन जाऊन कुठे जाणार? जिल्हाबंदी आहे.’ त्या एका तासासाठी मी सकाळी आंघोळ करून, केस विंचरून बसायला लागले. प्रकरण संपत आलं तशी मला धास्ती वाटू लागली, आणि मी एक गोष्ट सुरू केली जी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मी तळटीपा वाढवल्या, आधी झालेल्या पहिल्या प्रकरणातसुद्धा. आठवडे बाजारातल्या वजनकाट्यांच्या प्रकारांवर मी अडीच पानांची तळटीप सांगितली आहे. तिची प्रबंधाला काडीची गरज नव्हती. मला होती.

जुलैत आईचा फोन आला. स्थळ आलं होतं. मुलगा चाकणच्या कंपनीत, घरचे लोक बरे, मागणं काही नाही. ‘पन्नास मान्साची परवानगी हाय,’ आई म्हणाली, ‘दारातच मांडव घालायचा, दोन दिसांत उरकतंय. पुन्हा अशी सवलत न्हाई घावायची बघ.’ त्या दिवसांत कितीतरी पोरींची लग्नं अशी सवलतीत झाली, त्यांतल्या दोन माझ्याबरोबर पदव्युत्तरच्या वर्गात होत्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लोकांच्या लग्नांवर आमचं घर चालायचं, आणि लग्नांतून बँड गेला तसा आमच्या घरातून पगार गेला. क्लॅरिनेट पेटीत ठेवून त्यांनी भाजीचा हातगाडा धरला होता. ते फोनवर आले, खाकरले, म्हणाले, ‘जल्मभर दुसऱ्याच्या लग्नात वाजवलं, आन् पोरीचं लगीन बिनवाजाचं. पन काय करनार, आश्विने… आता हाय तोवर उरकू. न्हाई म्हनू नको.’ पंधरा दिवसांनंतरची तारीख होती. मी नाही म्हणाले नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार? माझ्या शिक्षणापायी त्यांनी काय काय सोडलं होतं ते मला माहीत होतं. मी हो पण म्हणाले नाही. ‘बरं’ म्हणाले. मराठीत या शब्दाची फार सोय आहे.

दुसऱ्या दिवशी अकराला वही उघडली. तिसऱ्या प्रकरणाचा शेवटचा भाग होता. बाजारात जागा कुणाला मिळते, कुणाला उठवलं जातं. वाचता वाचता काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. ‘विक्रेत्या स्त्रियांना जागेबाबत विचारले जात नाही, पूर्णविराम,’ इथवर वाचलं आणि मी वहीबाहेर गेले. त्याच वाचायच्या सुरात, न रडता, मी सांगत राहिले. की पंधरा दिवसांनी माझं लग्न आहे, मला ते नकोय, मला कुणी विचारलेलं नाही. की माझ्या खोलीत दोन गुंडाळलेल्या गाद्या आहेत आणि मी कधीकधी त्यांच्याशी बोलते. की मला आता काही नको, सगळं इथंच थांबलं तरी चालेल, मी नसले तरी कुणाचं काही अडणार नाही. मग मी थांबले. तिकडे कीबोर्ड दोन क्षण आणखी वाजला आणि थांबला. मी फोन कानाशी इतका दाबून धरला होता की कान दुखत होता.

बाई म्हणाल्या, ‘पुढे?’

मी पुढचं वाक्य वाचलं. ते बाजार समितीच्या नियमांबद्दल होतं. बारा वाजता बाईंनी ‘प्रकरण झालं, पाठवते’ म्हणून फोन ठेवला. तो दिवस आणि त्यानंतरचे दोन दिवस मी कसे काढले ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगते, की जगात आपलं ऐकणारं एकही माणूस नाही हे तेव्हा मला पुराव्यानिशी सिद्ध झाल्यासारखं वाटत होतं, आणि मी संशोधनाची विद्यार्थिनी होते, पुराव्यावर माझा विश्वास होता.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला तो सकाळी आठला. आठला त्या कधीच फोन करत नसत. माझ्या गाइड सरांनी त्यांना झापलं होतं. सर अबोल आणि भिडस्त, मला फोन करायचं धैर्य त्यांना झालं नाही. त्यांनी बाईंना केला. ‘एकशे अठ्ठेचाळिसाव्या पानावर हे काय टाइप केलंय तुम्ही? वाचलंत का?’ बाईंनी वाचलं नव्हतं. सरांचा फोन झाल्यावर त्यांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदा स्वतः टाइप केलेलं पान उघडून वाचलं. मला म्हणाल्या, ‘थांब, ऐक,’ आणि तो परिच्छेद त्यांनी मला वाचून दाखवला. गाद्यांसकट. आवाज त्यांचा नेहमीचाच, कोरडा. पण ‘मी नसले तरी’ या शब्दांवर त्या अडखळल्या आणि ते वाक्य त्यांना पुरं वाचता आलं नाही.

‘हे तू सांगितलंस?’

‘हो.’

‘मला?’

‘हो बाई.’

‘आणि मी काय म्हणाले?’

मी समोरची वही मिटली.

‘पुढे म्हणाले ना मी?’ आणि मग दातारबाई, ज्यांनी उभ्या जन्मात वाण्यालासुद्धा ‘माझं चुकलं’ म्हटलं नसेल, त्या मला म्हणाल्या, ‘अश्विनी, माझं चुकलं गं… चाळीस वर्षांत एवढी मोठी चूक केली नाही मी.’ मी तेव्हा रडले. इतकी रडले की खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन दारावर थापा मारायला लागल्या. बाईंनी फोन ठेवला नाही. मधूनच ‘आहे मी’ एवढं म्हणायच्या. काकूंनी दाराबाहेर ताट ठेवलं, त्यात पोळ्या होत्या. बाई म्हणाल्या, ‘आधी खा. मला ऐकू येऊ दे खाल्लेलं.’

बिबवेवाडी तेव्हा पत्रे लावून बंद केलेली, बाई चौसष्ट वर्षांच्या. त्यांना येता येत नव्हतं. पुढचे दिवस त्या मला सकाळ-संध्याकाळ फोन करत राहिल्या, आणि सरांकडून विद्यापीठातल्या समुपदेशक बाईंचा नंबर मिळवून त्यांच्याशी बोलायला लावलं. पण त्यांनी आणखी एक केलं. त्यांनीच टाइप केलेल्या माझ्या फेलोशिपच्या अर्जावरून घरचा नंबर शोधून त्यांनी परस्पर अण्णांना फोन लावला. हे मला कळलं तेव्हा मी भडकले. ‘तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आता ते मला वेडी समजतील!’ बाई म्हणाल्या, ‘तुझ्याबद्दल मी चकार शब्द बोललेले नाही. मी तुमच्या मुलीची टायपिस्ट, एवढंच सांगितलं. आणि विचारलं, की तुमच्या मुलीनं काय लिहिलंय ते ऐकायचंय का?’

अण्णा सातवी शिकलेले. गाडा फिरवून दुपारी घरी आले की तीन वाजता बाई त्यांना फोन लावायच्या आणि माझा प्रबंध वाचून दाखवायच्या. पहिल्या पानापासून, रोज पाच-सहा पानं. मला हे दृश्य आजही डोळ्यांपुढे आणता येत नाही. सदाशिव पेठेतल्या बाई ‘अनौपचारिक अर्थव्यवस्था’ म्हणतायत आणि करमाळ्यात अण्णा ओट्यावर बसून ‘बरं… बरं…’ करतायत. पहिले दोन दिवस ते फक्त भिडेपोटी ऐकत होते. तिसऱ्या दिवशी वजनकाट्यांची ती अडीच पानांची तळटीप आली, आणि अण्णा मध्येच म्हणाले, ‘थांबा बाई. ह्ये बरोबर हाय. पारड्याखाली चिंच चिकटवत्यात, ह्ये खरं हाय. ह्ये हिला कुनी सांगितलं?’ चौथ्या दिवशी त्यांनी माझी चूक काढली. मी लिहिलं होतं की कोथिंबिरीचा भाव दुपारनंतर पडतो कारण गिऱ्हाईक कमी होतं. अण्णा म्हणाले, ‘न्हाई न्हाई. गिऱ्हाईक तेवढंच असतंय. जुडी मान टाकती आन् बाई बी मान टाकती. सकाळधरनं उन्हात बसल्याली असती ती, घासाघीस करायचं बळच ऱ्हात न्हाई. म्हनून भाव पडतोय.’ बाईंनी ते तसंच टाइप करून प्रकरणात घातलं, आणि खाली तळटीप दिली, अण्णांच्या नावानिशी. परीक्षकांनी माझ्या तोंडी परीक्षेत ज्या एका निरीक्षणाचं कौतुक केलं ते हेच. ते माझं नव्हतं.

लग्नाला चार दिवस असताना अण्णांचा मला फोन आला. म्हणाले, ‘अजून किती पानं राहिल्याती?’ मी म्हटलं, ‘शंभरेक असतील.’ मग म्हणाले, ‘मग तेवढं हू दे. ऐकायचं ऱ्हायलंय माझं.’ त्यांनी स्थळाला नकार कळवला. ती माणसं दुखावली, त्यांचंही चुकलं नव्हतं. आई माझ्याशी वर्षभर धड बोलली नाही. गोष्टीतल्यासारखं सगळं गोड झालं असं अजिबात नाही. फेलोशिप त्यानंतरही आली नाही, खिचडी तशीच चालू राहिली. एकदा सरांनी फोन केला, प्रकरणाबद्दल चार दुरुस्त्या सांगितल्या, आणि ठेवता ठेवता म्हणाले, ‘तो एकशे अठ्ठेचाळीसवरचा परिच्छेद काढून टाका… जेवता ना वेळेवर?’ मी हो म्हणाले. तेव्हा ते जवळजवळ खरं होतं, कारण बंदी थोडी उठल्यावर बाईंनी मला बिबवेवाडीला बोलावून घेतलं होतं. आतल्या खोलीत पलंगाखाली माझी गादी, आणि बाहेरच्या खोलीत मी त्यांची मदतनीस.

तिथे मी पाहिलं, की बाईंची पद्धत बदलली होती. फोनवर विद्यार्थी आला की त्या दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, ‘आधी प्रबंधाबाहेरचं सांग.’ मुलं गडबडून जायची. ‘तसं काही नाही बाई.’ ‘मग तसं नसलेलं सांग.’ आणि हळूहळू यायला लागायचं. एक मुलगी गोठ्यातून बोलायची, रेंज तिथेच मिळायची म्हणून. तिची शिष्यवृत्ती अडकली होती आणि घरात तिचं शिकणं हा आता चेष्टेचा विषय होता. एक मुलगा दिवसभर पार्सलं पोचवून पायऱ्यांवर बसून प्रकरण सांगायचा, आणि मित्रांनी आपल्याला त्या टी-शर्टात पाहू नये म्हणून ओळखीच्या सोसायट्या टाळायचा. एकानं वडिलांच्या तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी फोन केला, म्हणाला, ऋणनिर्देश बदलायचा आहे, ‘वडिलांचे आशीर्वाद’च्या जागी दुसरं काहीतरी लिहायचंय आणि काय लिहायचं ते सुचत नाही… बाई त्याच्याबरोबर तासभर गप्प बसल्या. शेवटी त्यांनी ते वाक्य तसंच ठेवलं.

बाईंना समजावता यायचं नाही हो. ‘होईल सगळं ठीक’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. ‘रडून झालं? पाणी पी. प्रकरण चौथं,’ हीच त्यांची समजूत. आणि ऐकणं त्यांना जड जायचं. फोन झाल्यावर खिडकीशी उभ्या राहायच्या, जेवण टाळायच्या. त्यांच्या कामाचीही वाट लागली, कारण डोकं एकदा मध्ये आलं ते आलंच. टाइप करता करता थांबून ‘हे खरं आहे का रे?’ असं विचारायला लागल्या. वेग निम्म्यावर आला. ज्या वेगासाठी लोक पुण्याच्या चारी कोपऱ्यांतून यायचे तो गेला, आणि तो आम्ही घालवला. मी तसं एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, ‘मग? काय आरती ओवाळायची होती त्या स्पीडची?’

पुढे दिवस निवळले. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, मी विश्रांतवाडीला राहायला गेले. बाईंकडे येणारी मुलं कमी होत गेली. आता मोबाइलपुढे बोललं की तोच टाइप करतो. मी त्यांना ते करून दाखवलं तेव्हा कौतुकानं बघत म्हणाल्या, ‘हुबेहूब मी. एक अक्षर ऐकत नाही.’ माझं जाणं आठवड्यावरून महिन्यावर आलं, मग सणावारी. फोन असायचा.

गेल्या रविवारी खोली रिकामी करायला नितीननं मला बोलावलं. प्रिंटर कुणाला तरी दिला होता. कपाटातली पुस्तकं, चार साड्या, आणि न उघडलेला एक नवा कीबोर्ड. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कागद वेगळे करत होते. नितीन बाईंचा मोबाइल घेऊन आला. म्हणाला, ‘एक विचारायचं होतं. जायच्या तीन दिवस आधी आत्यानं तुम्हाला फोन केला होता. एकवीस मिनिटं. आमच्याशी ती दोन मिनिटांच्या वर कधी बोलायची नाही हो. नंतर कुणालाच फोन नाही. बाबा सारखे विचारतायत, ताई शेवटी काय बोलली असेल… काय म्हणत होती?’

तो फोन मला चांगला आठवतो. संध्याकाळ होती, माझ्यापुढे पेपरांचा गठ्ठा होता, दुसऱ्या दिवशी गुण भरायचे होते. मी फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला आणि तपासत राहिले. मी ‘हं’ म्हणत होते. ‘हो ना बाई’ म्हणत होते. तिसऱ्या प्रश्नात सगळ्या मुलांनी एकच चूक केली होती, ती चूक कोणती ते आज मी शब्दशः सांगू शकते. बाईंचा आवाज चालू होता, मध्ये कधीतरी थांबला होता, पुन्हा चालू झाला होता. शेवटी त्या म्हणाल्या, ‘चल, तुझं काम असेल,’ आणि मी म्हणाले, ‘येते एकदा निवांत.’

नितीन वाट बघत उभा होता. त्याला काहीही सांगता आलं असतं. तुमच्या बाबांची आठवण काढत होत्या, समाधानी होत्या, असं काहीतरी. त्याच्या वडिलांना बरं वाटलं असतं, आणि मला वाटतं मी ते सांगण्यासाठी तोंडही उघडलं होतं. पण त्या खोलीत, त्या खुर्चीत बसून ते जमेना.

‘त्या खूप बोलल्या, नितीन,’ मी म्हणाले. ‘मी ऐकलं नाही.’